लिंब मागितला, लिंबू आला

सुरत, रविवार, जून १९७२

चाळीमागच्या बागेचा नकाशा माझा, कुठल्याही शाळेत न शिकता काढलेला. नळाचं सांडपाणी चरातून थेट झाडांच्या मुळाशी जातं. तिथे चूक नाही. चुकला तो शब्द.

सावलीसाठी माळ्याला 'लिंब' सांगितला, त्या गुजराती माणसाने लिंबूची काटेरी रोपं आणली. "लीमडो कहेवुं हतुं ने, भाई!" कडुलिंबाला इथे लीमडो म्हणतात, मला ठाऊक होतं की. तोंडी आला गावचाच शब्द.

सावलीशिवाय बाग कसली? बायको हसली, "सावली नही ते नही, सरबत ते भेटी."

लिंबू कडेने लावले. वाढले की ढोरं आत येणार नाहीत. नकाशात कुंपण नव्हतंच, आत्ता पेन्सिलीने काढलं. मधली जागा मोकळी ठेवलीय. उद्या माळ्याला स्पष्ट 'लीमडो' म्हणायचं.