दिलूच्या भिंगाचे शंभर मार्क

प्रिय दिलू,

उद्या दुपारी मी तुझं मशीन, आतल्या खोलीतला तो कॉम्प्युटर, थांबवणार आहे. न सांगता थांबवलं असतं तरी चाललं असतं. गेलेल्या माणसाची परवानगी कोणी घेत नाही. पण तुझ्या या राजापेठेतल्या घरात तू गेला आहेस हे अजून सगळ्यांना मान्य नाही. म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी सुमनचं ऑपरेशन आहे, पित्ताशयातल्या खड्यांचं. दोनदा तारीख घेतली, दोन्ही वेळा तुझी बायको ऐन वेळी घराबाहेर पडली नाही. तिसऱ्यांदा हे चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कळ आली की ती भिंतीला डोकं टेकून उभी राहते, आवाज करत नाही. "माझ्याबरोबर अकोल्याला चल," म्हटलं की एकच उत्तर: "मी तिकडं जाईन अन् हे बोलले तर? त्याइले कोन उत्तर देईन?"

हे तू करून ठेवलं आहेस, दिलू.

तुला परतवाड्याहून आणलं तो दिवस तुला कोणी सांगितला नसेल. लग्नाला गेलेला माणूस शववाहिकेतून परत आला. अंगणात तुला ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या. आणि आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, तुझा आवाज आला. "हं, जमलं." खणखणीत, नेहमीसारखा. शेजारची शोभा फाटकाबाहेर पळाली ती चप्पल सोडून. मी तुझ्या नाकाशी हात धरून पाहिला. मी! शाळेत नन्सनी आम्हाला भुतं नाकारायला आणि पवित्र आत्मा मानायला शिकवलं होतं. मी दोन्ही परीक्षेपुरतंच ऐकलं. तरी हात धरला.

सुमन मात्र उठून आत गेली आणि म्हणाली, "जमू द्या. बाहेर लोक आले आहेत."

मागाहून मला उलगडा झाला. तू जे भिंग घडवत होतास त्याची रचना जराशी सुधारली की मशीननं तुझ्या आवाजात सांगायचं, अशी सोय तू करून ठेवली होतीस. समोर बसून राहायला नको, स्वयंपाकघरात चहा पिताना कळावं म्हणून. वीज गेली आणि आली तर जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू. सगळी सोय केलीस. तू नसलास तर काय, एवढीच सोय राहिली.

मी सुमनला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज त्याइचाच आहे ना, ताई?"

आहे.

गेल्या दिवाळीत तू अकोल्याला आलास, आठवतं? कुंकवाच्या डबीतून एक पारदर्शक चकती काढलीस. नखाएवढी, कागदासारखी पातळ, हाताला सपाट. गच्चीवर उन्हात धरलीस आणि खाली फरशीवर पांढरा ठिपका पडला. काचेच्या साध्या भिंगाला कडेनं रंगीत झालर येते, कारण ते प्रत्येक रंगाला वेगळं वळवतं. याला झालर नव्हती. केसाहून बारीक शेकडो कडी, एकात एक, प्रत्येकाची उंची वेगळी, हे तू मला वहीत काढून दाखवलंस. एकाच रंगासाठी त्या उंच्या सूत्रानं निघतात, एवढं मलाही कळलं. पण लाल जुळला की निळा भलतीकडेच जातो. म्हणून मशीननं एक कडं किंचित उंच किंवा बुटकं करायचं, सगळे रंग कुठे पोचतात ते मोजायचं, सुधारलं तर ठेवायचं, नाहीतर होतं तसं करायचं. मग दुसरं कडं. मग तिसरं.

"यात नियम कुठे आहे?" मी विचारलं.

"नियम नाही. उजेड कुठी पडला तेवढंच पाहाचं. तुले सगळं पयलेच ठरलेलं पाहिजे, ताई."

"किती उजेड येतो त्या ठिपक्यात?"

"सगळ्या रंगाईचा मिळून शंभरातला सत्तर."

आणि मी काय म्हटलं? "उरलेले तीस कुठे गेले? माझ्या वर्गातली पोरगी असती तर मी बापाला बोलावलं असतं." तू हसलास. पण पुरणपोळी अर्धीच खाल्लीस आणि चारची एसटी धरलीस.

परवा मी तुझा प्रोग्राम उघडला. मशीन कधी थांबणार, याचा आकडा तू स्वतः लिहिलेला आहे: शंभर. शेजारी टीप: ताईचे मार्क.

असं कोणतंही भिंग होत नाही, दिलू. थोडा उजेड परततो, थोडा इकडेतिकडे सांडतो. हे तुला माहीत होतं आणि मलाही कळायला हवं होतं. म्हणजे तीन महिने ते मशीन माझ्या एका टोमण्याला उत्तर शोधतं आहे, आणि सापडणार नाही म्हणून थांबत नाही. रागावू कोणावर? तुझ्यावर रागावून पाहिलं. फार वेळ टिकलं नाही.

सुधारणा आता क्वचितच होते. आधी तू दिवसातून दहा वेळा बोलायचास, आता आठवडा जातो. म्हणून सुमन अजूनच हलत नाही. त्या कड्यांच्या चित्रासमोर बसते. मी स्क्रीनवर टॉवेल टाकते, ती काढते.

मागच्या सोमवारी मी प्लग ओढला. घरघर थांबली. स्वयंपाकघरातून सुमन नुसती म्हणाली, "ताई, तुमी त्याइचा श्वास काहून बंद केला?" इतक्या शांतपणे, की मीच वाकून प्लग परत लावला. तासाभरात, नऊ दिवसांच्या मुक्यानंतर, तू बोललास. "हं, जमलं." सुमन हसली. योगायोग होता. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे, योगायोगाला घाबरत नाही. पण चिरायला घेतलेली वांगी तशीच पडून राहिली.

प्लग ओढणं चूक होतं. काम अर्ध्यावर तोडणं वेगळं आणि पुरं झालं म्हणणं वेगळं. मशीन आज अठ्ठ्याहत्तरवर आहे. उद्या मी शंभर खोडून अठ्ठ्याहत्तर लिहीन. मग ते आपणच थांबेल.

आणि तेव्हा काय होईल, हेही मी पाहिलं. तुझ्या फोल्डरमध्ये आवाजाच्या दोन फाइली आहेत. एक तर पाठच झाली आहे. दुसरी काम संपल्यावर वाजायची. शंभर कधीच होणार नव्हते, मग ती कोणासाठी ठेवलीस? तिची लांबी चार मिनिटं अकरा सेकंद आहे. "झालं" म्हणायला चार मिनिटं लागत नाहीत, दिलू.

मी ती ऐकलेली नाही. बोट दोनदा तिथं नेलं आणि मागे घेतलं.

उद्या सुमनला खुर्चीत बसवीन, आकडा लिहीन आणि दार ओढून बाहेर जाईन. काय बोललास ते मी तिला कधीही विचारणार नाही. दार उघडल्यावर ती कशीही असो, तिला अकोल्याला नेईन आणि शुद्धीवर येईपर्यंत तिच्या उशाशी बसेन. हा माझा शब्द.

अठ्ठ्याहत्तर चांगले असतात, दिलू. फार चांगले असतात.

तुझी,
मालूताई