गुरुवारची शिफारस

३ मार्च
वृद्धाश्रमात आले. खोली उजेडाची, गादी जाड, नळाला गरम पाणी. मजा आहे. शेजारच्या खाटेवर औषधवाल्या बाई. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात होत्या. मला अक्षरओळख नाही, म्हणून ही वही मी सांगते तशी त्याच लिहितात. बाई, अक्षर सुबक काढा हो, लोकांना वाटेल माझंच आहे.

६ मार्च
दर गुरुवारी सगळे दिवाणखान्यात जमतात आणि कुणाच्या रहस्यकथा वाचाव्यात ते एकमेकांना सुचवतात. आजवर बाईंचा शब्द शेवटचा. आज मी तोंड उघडलं. नातीने मला दहा वर्षं वाचून दाखवलंय. लेखकांची नावं लक्षात राहत नाहीत, खून राहतात. म्हटलं, ती विषवाली लेखिका घ्या, तिचा खुनी पहिल्या पानापासून सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करत असतो. पलीकडच्या खोलीतले मास्तर डोळे पुसेपर्यंत हसले. बाईंची यादी टेबलावर तशीच राहिली.

१३ मार्च
माझ्याभोवती खुर्च्या पुरल्या नाहीत. बाई कोपऱ्यात एकट्या. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. त्यांना सगळी पुस्तकं उघडी, मला बंद. त्याचा हेवा जन्मभर करत आलेय. दोन गुरुवार माझे झाले तर काय बिघडलं? बाईंनी मान वर न करता हेही लिहिलं. माझ्या गोळ्या पाकिटावरचं वाचून बाईच देतात. म्हणाल्या, डॉक्टरांनी एक वाढवलीय.

१६ मार्च
पाय जड. जीभ कडू. नर्सला विचारलं, ती म्हणाली, आजी, तुमची एकच तर गोळी आहे. मी दोन घेते. बाई म्हणाल्या, आजींची मोजदाद अशीच. नर्स हसली आणि गेली.

१८ मार्च
वही वाचून दाखवा म्हटलं. बाईंनी वाचलं, आजी इथे खुशीत आहेत. मी हे म्हटलंच नव्हतं. मग कागदावर काय आहे — कुणाला दाखवू — हाक मारावी तर आवाज दारापर्यंतही पोचत नाही —

२० मार्च
उठवत नाही. बाई सांगतात, आज त्या एक नवी लेखिका सुचवणार. कुणीच न वाचलेली, अक्षरही न येणारी. माझा एक शब्द गाळला नाही म्हणतात. शेवट तेवढा राहिलाय.

उशाशी बसल्यात. विचारतात, आजी, आता कसं होतंय, सांगा ना —

नाही सांगत. जा, घेऊन जा वही अर्धीच. अर्धवट गोष्ट कुणी सुचवत ना