हैदराबादेत हात भरला त्याची हकीकत

मुक्काम ताडकळस

गं. भा. छबूबाईस थोरली बहीण बायनाबाईचा आशीर्वाद. गुडघा कसा हाय, म्हैस कशी हाय, सून कशी हाय ते कळव (याच क्रमानं). फोनच करणार होते, पण तुझी सून स्पीकर लावती आन् मग अख्खं राणीसावरगाव ऐकतं. म्हणून चौथीतलं अक्षर बाहेर काढलंय, लागंल तसं वाच.

पत्रास कारण की, नातीच्या, म्हणजे नंदीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मी आन् सून राजेश्री हैदराबादला जाऊन आलो. तू कधी गेलीस तर ऐकून ठेव. भांडी घ्यायची तर बेगम बाजार. मारवाडी, तेलगू, सरदारजी, मुसलमान सगळे तिथं एका गल्लीत बसतेत आन् सगळ्यांना "नक्को" कळतं. आपल्या परभणीच्या हिंदीला पुण्यात हसतेत, तिथं मला अम्मा म्हणून खुर्ची द्यायले. साड्या पहिल्या दुकानात बघायच्या, तिसऱ्यात घ्यायच्या. दुसऱ्यात नुसतं पंख्याखाली पाणी प्यायला बसायचं. (राजेश्री पहिल्याच दुकानात "किती छान" म्हणली, भाव तिथंच चढला.)

बांगड्या मात्र चारमिनारजवळ, लाड बाजारात. तिथंच घात झाला. नंदीला बँकेतून सुट्टी न्हवती, म्हणून म्हणलं माझ्या हातावर माप बघा. बांगडीवाली लय गोड बोलायली, मुलगी कुणाला दिली, मंडप कुठं, आन् मी सांगायले. सांगता सांगता बघते तर दोन्ही हातांत डझन डझन हिरवा चुडा! वर सवयीनं मी तिला वाकून नमस्कार केला (हात भरला की कासारणीच्या पाया पडायचं, ते अंगातच मुरलंय). तिनं घाबरून माझेच पाय धरले. मग म्हणलं, अब निकालो. ती म्हणली, "अम्मा, चढ़ गए सो चढ़ गए, अब फोड़नाच पड़ता."

छबू, लग्नघरातला हिरवा चुडा फोडू कसा? आन् विधवा बाईनं घालून मिरवावा कसा? तुझे दाजी जाऊन बारा वर्षं झाली. परभणीपर्यंत रेल्वेत पदराखाली हात घेऊन बसले. शेजारची म्हणली, मावशी, थंडी वाजायली का? मे महिन्यात!

घरी आले तर चंद्रभान भावजी ओट्यावरच. दीर म्हणून मान देते, न्हाईतर त्यांना काम काय. म्हणले, "वहिनी, वीस तारखेला मंडपात यायचं असंल तर हे फोडून या. पाहुणे काय म्हणतील?" नंदीवर अक्षता टाकायला मी न्हाई जायची तर कोण जायचं? मी म्हणलं, "भावजी, जाऊबाई जाऊन नऊ वर्षं झाली. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ तुमच्या मनगटावर हायच की. ते कुणी फोडलं का?" मनगट बघत उठून गेले. राजेश्री तोंडात पदर घालून हसायली.

तवापासून ते माझ्याशी बोलत न्हाईत, जेवण गोड लागायलंय. पण भावकीतल्या बायकांना सांगत हिंडायलेत, हिला मंडपात जवळ बसवून घेऊ नका म्हणून. बसवू नका तर नका. भाकरी थापताना बांगड्या वाजतेत, बरं वाटतं. काढणार न्हाई.

जास्त काय लिहू, शाई संपायली.

तुझी बायनाबाई

ता. क. नंदीसाठी आणलेल्या बांगड्या तिला ढिल्या झाल्या. तिनं मोबाईलवर दुसऱ्या मागवल्या, तिसऱ्या दिवशी दारात हजर, माप एकदम बरोबर. वर लिहिलेल्या बाजारांचं काय करायचं ते तू ठरव.

दुसरा ता. क. अठरालाच सकाळच्या एसटीनं ये. ढिल्या बांगड्यांचा डबा तुझ्यासाठी झाकून ठेवलाय. मी एकटीनं घातल्या तर म्हातारी चळली म्हणतील. दोघी बहिणी घालून बसलो तर म्हणतील, त्यांच्यात रीतच हाय.