व्हेनिसचं निळं दार

शनिवार, संध्याकाळ. सिलिकॉन ओएसिस, दुबई

ऑफिसातून निघाले तोच व्हेनिसहून जोशीकाकूंचा फोन. त्यांची टूर मीच आखलेली. "अगं, स्टेशनसमोरच्या पुलावर उभी आहे, हॉटेल सापडेना. आमचे हे गेले पुढे तरातरा!"

बसस्टॉपवर उभी राहून मी डोळे मिटले. "काकू, पूल उतरा. निळं दार आलं की डावीकडे." मी दुबईच्या पुढे कधी गेलेली नाही. पण रोज लंच ब्रेकमध्ये कॉम्प्युटरवरच्या नकाशातल्या फोटोंमधून त्या गल्ल्या फिरते. त्या निळ्या दाराशी तर हमखास थांबते.

"निळं कुठंय? पिवळं आहे गं."

पिवळं? नकाशातले फोटो जुने असणार. "तेच ते काकू, वळा."

हॉटेल सापडलं. काकू खूश. "बरीच वर्षं झाली वाटतं तुला इथे येऊन?"

"हो," म्हणून गेले. का? खरं सांगायला काय झालं होतं?

आता चहा निवतोय, खिडकीबाहेर टॉवरमागे टॉवर, आणि मी अजून त्या पुलावरच. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं, पण आलाय तो रागच. दार रंगवलं, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!