अण्णांचं ‘व्हय साहेब’

मंगळवार, संध्याकाळ. हॉस्पिटलमध्येच.

खाटेशेजारी बसून लिहितेय. आज अण्णांच्या पाठीच्या कण्यात बारीक तार सरकवली. कंबरेची जुनी कळ हलक्या करंटनं थांबते का, याची ही चाचणी. करंट मज्जारज्जूला पोचला की नसा उत्तर देतात आणि पडद्यावरची रेघ उसळते, असं डॉक्टरांनी मला आधीच समजावलं होतं.

मग त्यांनी विचारलं, “काका, पायात मुंग्या येतायत का?”

अण्णा लगेच, “व्हय साहेब.”

डॉक्टर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “अजून करंट सोडलाच नाही.”

रेघ सपाट होती. मी पाहिली ना.

काय करावं या माणसाला! वैजापूरच्या कचेरीत जन्मभर शिपाई, साहेबाला ‘नाय’ म्हणणं जमतच नाही. नंतर करंट सोडला, रेघ उसळली, आणि अण्णा पुन्हा त्याच आवाजात, “व्हय साहेब.” नसांनी उत्तर दिलं, ते दिसलं. पण दुखणं थांबलं का, हे रेघ कुठं सांगते? ते अण्णांनीच सांगायचं, आणि त्यांच्या शब्दावर उद्या यंत्र कायमचं बसवायचं. पाय बधिर पडत असले तरी हे व्हयच म्हणतील?

मी लेक, मला तरी खरं सांगतील, असं वाटलं. आत्ताच विचारलं, “अण्णा, तळपायाला हात लावलाय, कळतंय का?”

डोळे न उघडताच म्हणाले, “व्हय गं, कळतंय की.”

माझे दोन्ही हात या वहीवर होते.