नऊ नंबरची दोन इंजिनं

लग्न होऊन मला या घरात सात महिने झाले होते. त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो, आणि बाहेरच्या खोलीत आमचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, बंद पडलेल्या, तळहातावर मावेल अशा छोट्या आगगाडीच्या इंजिनावरून भांडत होते. मोटर जळली, असं एकाचं म्हणणं. रुळात वीजच येत नाही, असं दुसऱ्याचं. थोरल्या जाऊबाई उठल्या, हात पुसले, डोक्यातली पिन काढली, बाहेर जाऊन इंजिन उलटं केलं, चाकाच्या आसात गुंतलेला एक केस ओढून काढला आणि परत येऊन मटार सोलायला लागल्या. इंजिन सुरू झालं. दोघे भाऊ एकमेकांना "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणत राहिले.

"केस तुझा होता, कॉन्व्हेंट," वहिनी मला म्हणाल्या. "माझा एवढा लांब नाही."

हा प्रसंग मृत्युपत्रात कशाला, असं वकीलबाई विचारतील. राहू द्या. पुढे लागणार आहे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बासष्ट, या घराची धाकटी सून, निवृत्त ग्रंथपाल, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, निदान रोजच्याइतकं तरी आहे, आणि मी हे माझ्या मर्जीने, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. याआधी मी एक मृत्युपत्र शाळेत नववीत असताना केलं होतं. त्यात माझी रिबिनीची पेटी सिस्टरांना ठेवली होती. ते रद्द समजावं.

कलम एक. घराचा खालचा मजला आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या नवऱ्याला. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल ज्यांना हळहळ वाटत होती त्यांनी ती तीस वर्षं पुरेशी व्यक्त केली आहे. माझ्या मागे पुन्हा करू नये.

कलम दोन. पुस्तकं पुतणीला, म्हणजे वहिनींच्या मुलीला. ज्या पुस्तकांत पान दुमडलेलं आहे ती तिच्या काकाने वाचायला घेतलेली आहेत. दुमड पुस्तकाच्या विसाव्या पानापलीकडे कुठेही सापडणार नाही.

कलम तीन. छोट्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस, जे दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना छोट्या रुळांच्या कडेला मांडायची तीनशे चाळीस स्पंजची झाडं. आम्ही दोघी जावा मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "वा, आता झाडं करायला कुणीतरी मिळालं." आम्ही दोन वर्षं झाडं केली. नंतर त्यांच्या इंजिनात, त्याला हुकूम कळावा म्हणून, चिप बसवायची वेळ आली, तेव्हा मोटर खालच्या सांगाड्यापासून सुटी करायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चिपने धूर सोडला. दुसरी चिप वहिनींनी बसवली: चाकांकडून येणारी लाल आणि काळी तार, मोटरकडे जाणारी नारिंगी आणि करडी, आणि तारा जोडणारा कथलाचा डाग इतका बारीक की शिवणीचा टाका वाटावा. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं की ते स्वतः शिकले. झाडं त्यांना घरपोच द्यावीत, सगळी, एकदम.

कलम चार. हे कलम लिहिण्यासाठी मी मृत्युपत्र करते आहे. बाकीचं त्याच्या सोबतीला आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मंडळाचं प्रदर्शन होतं. थोरले भाऊजी जाऊन चार महिने झाले होते. वहिनी घराबाहेर पडत नव्हत्या. मीच त्यांना ओढून नेलं, आणि भाऊजींचं हिरवं इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्या इंजिनाचा नंबर बारा, माझ्या तपकिरी इंजिनाचा सात. ज्यांनी या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: सगळ्या रुळांत एकच वीज असते, पण प्रत्येक इंजिन आपल्या नंबराची हाक ओळखतं, हातातल्या यंत्रावर तो नंबर लावला की तेवढंच हलतं.

डॉक्टरांचंही सातच निघालं, म्हणून मला माझा नंबर बदलून नऊ करायचा होता. नंबर बदलायला रुळाचा एक वेगळा तुकडा असतो. इंजिन उचलून तिथे ठेवायचं, नंबर लिहायचा, परत आणायचं. त्या तुकड्यापुढे एक गृहस्थ नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांना बाजूला व्हा म्हणायचा मला कंटाळा आला. मी मुख्य रुळावरच नंबर लिहिला. मुख्य रुळावर लिहिलं, की त्या रुळांवर त्या क्षणी जेवढी इंजिनं असतील तेवढी सगळी तो नंबर घेतात. डॉक्टर आपलं इंजिन खिशात घालून चहाला गेले होते. राहिली दोन.

टेबलांच्या गोलातून डॉक्टरांना बाहेर पडता यावं म्हणून मधला उचलता पूल काढून ठेवलेला होता. मी नऊ लावला, वेग दिला आणि माझ्या इंजिनाकडे बघत राहिले. माझ्या पाठीमागे भाऊजींचं इंजिनही निघालं, पूल नव्हता तिथे गेलं आणि फरशीवर पडलं.

वहिनी आपल्या हातातल्या यंत्राकडे बघत होत्या. "माझा अंगठा लागला," त्या म्हणाल्या. मला तोवर सगळं कळलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं वहिनी असं कधी कधी."

पुन्हा लिहिते, म्हणजे चुकून लिहिलं असं कुणाला वाटायला नको. गुन्हा माझा, आणि त्यांना समजावणारीही मीच.

त्यांनी इंजिनाचे तुकडे रुमालात बांधले आणि पुन्हा कधी रुळाला हात लावला नाही. तेव्हापासून आम्ही पाण्याची टाकी, विजेचं बिल आणि पुतणीचं नाक या विषयांवर बोलतो. आमच्या शाळेत कबुली द्यायला एक लाकडी खोली होती. मी ख्रिस्ती नसल्याने मला आत प्रवेश नव्हता, बाहेरून फक्त पडदा दिसायचा. सवय राहून गेली, एवढंच कारण देता येतं.

तो रुमाल मी माळ्यावरून काढला. सांगाडा जोडला, दात झिजलेली चाकं बदलली, मोटर नवी घातली, चिप नवी घातली. जोड लावताना माझे डाग वहिनींच्या डागांपुढे शेणाच्या गोळ्यांसारखे दिसतात, पण धरून आहेत. मग ते माझ्या तपकिरीला जोडून एकाच गाडीला दोन इंजिनं लावायची ठरवलं. त्यासाठी दोघांचा वेग जुळावा लागतो, नाहीतर एक ओढतं, दुसरं फरफटतं आणि वळणावर डबे आडवे होतात. गोल रुळावर दोन्ही सुटी सोडायची, मध्ये वीतभर अंतर ठेवायचं. दहा फेऱ्यांनंतरही वीतच राहिली तर जुळली. चपळ इंजिनाला हळू करावं लागतं, कारण मंदाला त्याच्या ताकदीबाहेर चपळ करता येत नाही. यातून कुणी संसाराचा अर्थ काढू नये, विशेषतः माझ्या नवऱ्याने.

दोघांचा नंबर आता एकच आहे, नऊ. या वेळी मुद्दाम. माझं पुढे, कारण शिट्टीची चिप त्यात आहे. ही दोन्ही इंजिनं, अकरा डबे आणि हे कलम, माझ्या मृत्यूनंतर थोरल्या जाऊबाईंना द्यावं.

पुरवणी, त्याच दिवशी.

साक्षीदार म्हणून बेकरीवाल्याला बोलाव, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. बेकरी दोन चौक लांब, वहिनी एक जिना वर. तो कागद घेऊन जिना चढला.

अर्ध्या तासाने वहिनी खाली आल्या. कागद हातात, पेन्सिल कानावर.

"कॉन्व्हेंट, कलम चार वाचलं."

"ते तुम्ही आत्ता वाचायचं नव्हतं."

"मग कधी?"

"मी गेल्यावर."

"मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन्ही गुडघे बदललेत, बायपास झालीय. तू जाईपर्यंत मी वर खिडकीत बसून वाट बघू? एवढी वजाबाकी नाही शिकवली सिस्टरांनी?"

मी हा विचार खरोखरच केला नव्हता. किंवा केला होता.

त्या खुर्चीवर बसल्या. "एकोणीस वर्षं हा अंगठा बघतेय मी. त्यांचं इंजिन माझ्या हातून गेलं. वाटलं, आपल्या हाती आता काही द्यायला नको. शिवणाचं मशीन देऊन टाकलं, ते कशामुळे, असं वाटलं तुला?"

"डोळ्यांमुळे म्हणालात."

"डोळे ठणठणीत आहेत माझे."

"वहिनी, मी चुकले."

"ते कागदावर दिसतंय. तोंडाने सांग."

"नंबर मी मुख्य रुळावर बदलला. आळस केला. मग घाबरले."

"वेगळ्या तुकड्यावर किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

नवरा दारातून म्हणाला, "चहा टाकू का?"

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग वहिनींनी हात पुढे केला. "दे."

"काय?"

"इंजिन. चिडलेली आहे मी, अजून बरेच दिवस राहणार आहे. ते माझं मी वर करीन. इंजिन आत्ता दे."

त्यांनी ते उलटं केलं, पिनने तळ उघडला, माझे डाग पाहिले आणि तोंड वाकडं केलं. चारपैकी तीन तारा पुन्हा जोडल्या. हात जराही हलला नाही. मग गाडी लावली. अकरा डबे, दहा फेऱ्या, एकही डबा उतरला नाही.

सबब, कलम चार पुढीलप्रमाणे बदलण्यात येत आहे.

हिरवं इंजिन थोरल्या जाऊबाईंना, आजच, हयातीत मिळालं. वारसा म्हणून मोजू नये. तपकिरी माझ्याकडे, रोज दुपारी चार वाजता वर न्यायचं. आमच्यापैकी जी आधी जाईल तिचं इंजिन दुसरीला. दोघी गेल्यावर जोडी न तोडता पुतणीला, वीतभर अंतराची परीक्षा घेऊन. डॉक्टरांना फक्त झाडं. शिवणाचं नवं मशीन माझ्या खात्यातून, वाट न बघता, वहिनींना. नवऱ्याला बेकरीचा पत्ता.

जोडीत पुढचं इंजिन हिरवं राहील. हे एक वाक्य मी दबावाखाली लिहीत आहे. दबाव माझ्या खुर्चीमागे पेन्सिल घेऊन उभा आहे.

सही: धाकटी जाऊ
साक्षीदार पहिला: बेकरीवाला (अखेर आला)
साक्षीदार दुसरी: समोरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण
दोघांनीही मजकूर वाचलेला नाही, असं दोघंही म्हणतात.
ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल, रुळांमधली मोकळी जागा
तारीख: चौदा, रविवार, संध्याकाळचे साडेपाच