फ्रिजचं खोकं आणि हिंजवडीची गाडी

कर्वेनगर, पुणे
सोमवार, एप्रिल २००४

सौ. कांताताई विहीणबाई यांना मंदाकिनीचा सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम आपल्या गुडघ्यांची चौकशी करते, कारण माझेही त्याच वाटेला लागले आहेत. व्याहीबुवा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात ना? (आमच्याकडे 'हे' गोळी घेतात, पण घेतल्याचं विसरतात आणि मग दिवसभर मला विचारत बसतात.) अकोल्याच्या उन्हाच्या बातम्या वाचून आम्हाला इथे घाम फुटतो. इकडे सगळे खुशाल आहोत. घरात फोन असताना पत्र कशाला, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. फोन हॉलमध्ये आहे, हॉलमध्ये टीव्ही आहे आणि टीव्हीसमोर आपले जावई आहेत. काही गोष्टी जावयाच्या कानावर न जाता विहीणबाईंच्या कानावर घालायच्या असतात, म्हणून हा खटाटोप.

वास्तुशांतीच्या वेळी आपण उभयतांनी बुधवार पेठेतली सगळी दुकानं पालथी घालून जो फ्रिज आम्हाला भेट दिलात, त्याविषयी आधी लिहिते. फ्रिज फार देखणा आहे. दोन दारांचा फ्रिज आमच्या मजल्यावर दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि हे मी मुद्दाम कोणाला सांगतही नाही. शेजारणी विरजण मागायला येतात तेव्हा त्यांना तो आपोआप दिसतो. रंग उत्तम, आतला दिवा उत्तम, दार लागतानाचा आवाज तर ऐकत राहावा असा. फक्त तो गार करत नाही. (हे आपल्याला कळवायचं नाही असं रुपालीने मला बजावलं आहे. माहेरच्या वस्तूला नाव ठेवलेलं कोणत्या मुलीला आवडेल? मी नाव ठेवत नाही, फक्त कळवते आहे.) त्यात ठेवलेलं दूध ओट्यावरच्या दुधाच्या आधी नासतं. मी सध्या त्यात पोहे, साबुदाणा आणि पापड ठेवते. मुंग्या अजिबात येत नाहीत.

ऐन उन्हाळ्यात फ्रिजने असा दगा दिल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. रोज सकाळी नासकं दूध दिग्विजयच्या नाकाखाली नेऊन धरायचे. शेवटी तो बुधवारातल्या दुकानदाराला, मकसूदभाईंना, घरी घेऊन आला. भला माणूस. त्यांनी फ्रिजमध्ये हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि 'काकू, हा फ्रिज नाही, कपाट आहे,' असं म्हणून बदलून द्यायला लगेच तयार झाले. त्याच जातीचा एक फ्रिज त्यांच्या दुकानात मांडलेला आहे, तो बिनखोक्याचा, पण चालू स्थितीतला, आम्हाला मिळेल. अट एकच. आमचा फ्रिज ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात घालून कंपनीला परत जायला हवा. खोकं फाटकं चालेल, चिकटवलेलं चालेल, पण खोक्याशिवाय ट्रान्सपोर्टवाले हात लावत नाहीत. येत्या रविवारी टेम्पो येणार आहे. दिग्विजय कारखान्यात क्वालिटी खात्यात असल्यामुळे नियम म्हटला की त्याचा चेहरा उजळतो. 'खोकं आहे की घरात!' तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी वळून खोक्याकडे पाहिलं. खोक्यात आपली नात उत्कर्षा बसली होती, आणि ती गाडी चालवत होती.

आता हे खोकं म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. फ्रिज आला त्या दिवशी मी ते रद्दीवाल्यासाठी दाराशी काढून ठेवलं होतं. संध्याकाळी रुपाली हिंजवडीहून आली. पर्स खांद्यावर, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, आणि आल्या आल्या तिने काय केलं असेल? माझी वांगी चिरायची सुरी घेतली, खोकं आडवं पाडलं आणि त्याला खिडक्या कापल्या. मला वाटलं, कॉम्प्युटरपुढे बसून बसून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. (माफ करा, पण सासूला असं वाटतंच.) मी म्हटलं, अगं, तुळशीबागेतून छानशी चावीची बस आणू की. त्यावर ती म्हणाली, 'चावीची बस ही बसच राहते, आई. खोक्याचं रोज वेगळं काहीतरी होईल.' झाली मात्र बसच, कारण उत्कर्षाला दुसरं काही नकोच होतं. रोज सकाळी कंपनीची गाडी कोपऱ्यावर येते आणि आईला घेऊन जाते, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. पूर्वी ती असा टाहो फोडायची की सोसायटीतले लोक त्यावर घड्याळ लावत. खोकं आल्यापासून ती आईला 'तू हो पुढे, मी मागून येते' असं सांगते, आत शिरते आणि आपली गाडी सुरू करते. डोळ्यांत टिपूस नाही. स्टिअरिंग म्हणून माझा पोळपाट गेला. मी ओट्यावर पोळ्या लाटते. आजोबा आत मावत नाहीत म्हणून ते बाहेर पाटावर बसून लटकणाऱ्या प्रवाशाचं काम करतात, आणि ड्रायव्हरबाई त्यांना तुमच्याकडच्या भाषेत दटावतात, 'आजोबा, काहून लटकून राहिले? पडसान ना!' (कर्वेनगरात हे कसं खपायचं, ही काळजी मी तूर्तास बाजूला ठेवली आहे.)

त्याहून नवल पुस्तकाचं. संध्याकाळी आली की रुपाली चहाचा कप बाहेर ठेवते आणि स्वतः खोक्यात शिरते. एवढी शिकलेली, पगारदार सून, गुडघे पोटाशी घेऊन खोक्यात! मग दोघी पुस्तक वाचतात. सध्या सावली शोधत फिरणाऱ्या एका उंटाची गोष्ट चालू आहे. लहानसं पुस्तक आहे, मी कुकरची शिट्टी व्हायच्या आत उभ्या उभ्या वाचून काढलं. या दोघींचं मात्र संपता संपत नाही, कारण रुपाली एक पान वाचते, पुस्तक मिटते आणि विचारते, 'आता उंट कुठे जाईल?' मी स्वयंपाकघरातून ओरडले, अगं, पुढच्या पानावर छापलंय! कोणी लक्ष दिलं नाही. उत्कर्षाच्या मते उंट आधी कर्वे पुतळ्यापाशी गेला. तिथे त्याला पुतळ्याची सावली मिळाली, पण ती सरकायला लागली, म्हणून तो तिच्या मागोमाग रस्ता ओलांडून गेला. कांताताई, सावली सरकते आणि उंट तिच्यामागे जातो, हे एवढ्याशा पोरीला कोणी शिकवलं? कोणीच नाही. विचारलं म्हणून सुचलं. आपल्या वेळी आपण गोष्टी सांगायचो त्या तात्पर्यासकट, औषध पाजावं तशा. रुपाली तात्पर्य सांगतच नाही. मी एकदा न राहवून 'म्हणून उन्हात टोपी घालावी' असं शेपूट जोडलं, तर ड्रायव्हरबाईंनी घंटी मारून मला वाटेतच उतरवलं.

मीही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही, हे आपण लग्नात पाहिलंच आहे. एका दुपारी उत्कर्षा झोपल्यावर मी खोक्यावर रंगीत कागद चिकटवले, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे लावले आणि एका बाजूवर यांच्याकडून सुवाच्य अक्षरात मुळाक्षरं लिहून घेतली. म्हटलं, खेळता खेळता अभ्यास. उत्कर्षा उठली, गाडीभोवती एक फेरी मारली, 'ही शाळा आहे' म्हणाली आणि पलंगाखाली जाऊन बसली. हिंजवडीची वाहतूक संध्याकाळपर्यंत बंद. रुपाली आली तेव्हा मी पदर खोचून भांडणाच्या तयारीत उभी होते. तिने माझ्या कामाचं मनापासून कौतुक केलं, पडदे तसेच ठेवले, आणि खोकं हळूच फिरवून मुळाक्षरांची बाजू भिंतीकडे केली. गाडी सुटली. मला शब्दानेही दुखावलं नाही. एवढा समंजसपणा तिच्या वयात माझ्यात नव्हता, आणि आता आहे असंही घरात कोणी म्हणत नाही. तो तिला तुमच्याकडून मिळाला असणार. हे वाक्य लिहायला मला थोडे कष्ट पडले, पण लिहिलं.

गेल्या गुरुवारी तर कमालच झाली. संध्याकाळी रुपालीचा फोन आला की हिंजवडीला गाड्यांची रांग लागली आहे, बस जागची हलत नाही, जेवायला थांबू नका. उत्कर्षाने पोळपाट उचलला. 'मी आईला घेऊन येते,' म्हणाली आणि खोक्यात शिरली ती बाहेर येईना. डोळे दाराकडे, पण गाडी चालूच. शेवटी मी वरणभाताची ताटली घेऊन आत शिरायचं ठरवलं. कांताताई, माझा देह आपण पाहिला आहे. अर्धी आत गेले आणि अडकले. पुढे सरकता येईना, मागे येता येईना, आणि 'हे' बाहेर उभं राहून सूचना देत होते. ड्रायव्हरबाईंनीच हात धरून ओढून घेतलं. आत गेल्यावर मात्र, काय सांगू, फार बरं वाटतं. खिडकीतून आपलाच हॉल परगावासारखा दिसतो. एकेक घास भरवत मी पुस्तक वाचायला लागले. पान संपलं. उत्कर्षाने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं आणि विचारलं, 'आजी, आता उंट कुठे जाईल?'

मला असा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. भाजी कसली आहे, किल्ली कुठे ठेवलीस, असलेच प्रश्न माझ्या वाट्याला येतात. मी घाबरले, आणि तोंडातून निघून गेलं, 'हिंजवडीला.' मग काय विचारता! उंट लांब लांब टांगा टाकत सगळ्या रांगेच्या डोक्यावरून गेला, कंपनीच्या दारात जाऊन बसला आणि एकेका इंजिनिअरला पाठीवर घेऊन ज्याच्या त्याच्या घरी सोडायला लागला. आईला सर्वांत आधी, कारण तिच्यासाठी वरणभात झाकून ठेवला होता. हे सगळं मी रचलं! मी, जिने किराणा यादीपलीकडे कधी काही लिहिलं नाही! रुपाली दारात कधीची उभी होती ते आम्हाला कळलंच नाही. दमून पार कोमेजलेली पोर, पण तिने पाणीसुद्धा मागितलं नाही. खोक्याशी वाकून तिने विचारलं, 'जागा आहे का हो, आई?' मग पुढचं पान तिने आम्हा दोघींना वाचून दाखवलं. अशी सून तुम्ही आम्हाला दिलीत, त्यापुढे गार न करणारा फ्रिज काहीच नाही.

तर हे खोकं रविवारी जाणार. तोडगा म्हणून यांनी मकसूदभाईंच्या दुकानातून टीव्हीचं रिकामं खोकं आणलं. (फ्रिजची खोकी गिऱ्हाइकं सोडत नाहीत म्हणे.) उत्कर्षा त्यात बसली आणि 'ही रिक्षा आहे, हिंजवडीला येणार नाही' असा तिने निकाल दिला. दिग्विजयने चिकटपट्टी आणि सुतळी आणून ठेवली आहे. फ्रिज रुपालीच्या माहेरचा, ती काय बोलणार? आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? नासकं दूध घेऊन घरभर नाचले ती मीच. असो. मी आपली फक्त कळवते आहे, माझं काही मागणं नाही.

व्याहीबुवांना आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा. आपला लोभ आहेच. फ्रिजच्या बातमीने तो कमी होऊ नये.

आपली,
मंदाकिनी

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडलं तर कागद वाईट दिसेल म्हणून इथे लिहिते. शनिवारी संध्याकाळी आपण दिग्विजयला फोन करावा. (दुपारी एक ते चार करू नये, आमच्याकडे कोणी उचलत नाही.) तो आमचं कोणाचं ऐकत नाही, पण सासूबाईंचा शब्द मोडायची त्याची छाती नाही; आपला फोन आला की तो बसल्या जागेवरून उठून उभा राहतो. त्याला सांगावं की आम्ही पसंत करून दिलेली वस्तू परत केलेली आम्हाला चालणार नाही, आहे तो फ्रिज राहू द्या. जरा नाराज होऊन बोलावं. आपल्याला जमेल, लग्नात आहेराच्या वेळी छान जमलं होतं.

ता. क. गार पाण्याची काळजी करू नये. मी माठ आणला आहे.

ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं, कारण विहिणीपासून खरं लपवू नये. उत्कर्षाने काल जेवताना आपणहून बाबांना सांगितलं, 'न्या खोकं. आजीला गार पाणी नाही ना.' आणि आज सकाळी दोन खुर्च्या आणि एक चादर घेऊन तिने नवी गाडी काढलीसुद्धा, ती पहिलीपेक्षा जोरात पळते आहे. तिला काहीही पुरतं. मी अजून नवशिकी आहे, मला खोकं लागतं. साठ वर्षांत मला कोणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं आणि पुढे काय होईल हे मला विचारलं नव्हतं. तेव्हा खोकं मला हवं आहे. फोनवर मात्र माझं नाव घेऊ नका, नाराजी आपलीच सांगा.